रणगाड्याचे वजन कुठे असते?

अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात १९९४ पासून देशोदेशींचे रणगाडे ओळीने उभे आहेत. त्यांत पन्नास टनांच्या आसपासचा सेंच्युरियन आहे, आवडीच्या कारखान्यात तयार झालेला विजयंता आहे, युद्धात हाती लागलेले पॅटनही आहेत. यांतला एकही जागचा हलत नाही, तरी त्यांच्या वजनाविषयी कोणाला शंका येत नाही. जाड पोलाद, रुंद पट्टे आणि खाली दबलेली चाके पाहिली की अंदाज येतोच. आता हाच विजयंता मोबाइलच्या पडद्यावर आणू. तिथे पोलाद नसते. काहीशे ठिपक्यांचे एक चित्र असते आणि संगणकाच्या लेखी त्याचे वजन शेजारच्या फुलपाखराच्या चित्राएवढेच, म्हणजे काहीच नाही. तरीसुद्धा एका गेममधला रणगाडा जड वाटतो आणि दुसऱ्यातला पत्र्याच्या डब्यासारखा घरंगळतो. दोन्हीकडचे चित्र अगदी तेच असले तरी हा फरक पडतो, कारण पडद्यावरचे वजन चित्रात नसते. ते वस्तू हलताना वेळ कसा वाटला गेला यात असते. गेम बनवणारे या वाटपाला ईझिंग म्हणतात आणि बहुतेक जण त्याला सजावट समजतात. माझ्या मते ते वस्तूविषयी केलेले विधान असते, आणि कोणत्याही विधानाप्रमाणे ते खरे किंवा खोटे ठरू शकते.

आधी यंत्रणा पाहू, ती अवघड नाही. गेम इंजिनमध्ये प्रत्येक वस्तू म्हणजे आकड्यांची एक यादी असते. ती डावीकडून किती अंतरावर आहे, किती अंश वळलेली आहे, केवढी मोठी आहे, किती पारदर्शक आहे, कोणत्या रंगाची आहे, हे सगळे आकडेच. यांना त्या वस्तूचे गुणधर्म किंवा प्रॉपर्टी म्हणतात. हालचाल म्हणजे यांतला एखादा आकडा वेळेनुसार बदलत जाणे. रणगाडा ० वरून ३०० ठिपक्यांवर अर्ध्या सेकंदात न्यायचा आहे असे समजू. पडदा सेकंदाला ६० वेळा नव्याने रंगतो, म्हणजे आपल्याला ३० चौकटी मिळाल्या. सुरुवात आणि शेवट आपण सांगायचा आणि मधल्या चौकटींतले आकडे इंजिनने भरायचे, याला ट्वीनिंग म्हणतात. हिशेब शाळेतला आहे: ठरलेल्या वेळेपैकी किती वेळ सरला ते ० ते १ मध्ये मांडायचे, एकूण अंतराला त्याने गुणायचे आणि सुरुवातीच्या आकड्यात मिळवायचे. असे केले की रणगाडा दर चौकटीला बरोबर १० ठिपके सरकतो. पहिल्या चौकटीत १०, शेवटच्या चौकटीतही १०, आणि मग एकदम शून्य. जगात वजन असलेली कोणतीही वस्तू अशी निघत नाही आणि अशी थांबतही नाही. म्हणून हा रणगाडा डब्यासारखा दिसतो.

ईझिंगमध्ये बदल एवढाच होतो की सरलेल्या वेळेचा आकडा थेट न वापरता आधी त्याला एका सूत्रातून काढतात. सर्वांत साधे सूत्र वर्गाचे आहे. अर्धा वेळ सरला की ०.५ चा वर्ग ०.२५, म्हणून अर्ध्या वेळात पाव अंतर कापले जाते आणि उरलेले पाऊण अंतर दुसऱ्या अर्ध्यात. आपल्या रणगाड्याच्या बाबतीत पहिल्या चौकटीत जेमतेम एक तृतीयांश ठिपका आणि शेवटच्या चौकटीत जवळजवळ २० ठिपके. याला ईझ-इन म्हणतात. हेच उलटे केले की ईझ-आउट: आधी झपाटा, शेवटी मंदावणे. दोन्ही जोडले की ईझ-इन-आउट. वर्गाऐवजी घन घेतला तर अर्ध्या वेळात फक्त एक अष्टमांश अंतर होते, म्हणजे सुरुवात आणखी रेंगाळते. हे वर्गाचे सूत्र कोणी सोय म्हणून रचलेले नाही. अकोले तालुक्यात प्रवरेवर रंधा धबधबा आहे, उंची सुमारे १७० फूट. त्याच्या कड्यावरून एक दगड सोडला आणि हवेचा विरोध बाजूला ठेवला, तर तो सव्वातीन सेकंदांच्या आसपास तळाला पोचेल. पण अर्ध्या वेळात तो पावच उंची उतरलेला असेल आणि शेवटची अर्धी उंची एका सेकंदाच्या आत संपवेल. गुरुत्वाकर्षणाचा हिशेब आणि इंजिनमधला ‘क्वाड ईझ-इन’ हा पर्याय एकच आहे. यादीतून तो निवडणारा माणूस, कळत असो वा नसो, ‘ही वस्तू पडते आहे’ असे म्हणत असतो.

आता रणगाड्याविषयी खरे विधान कसे करायचे? निघताना इंजिनाला प्रचंड वस्तुमान ढकलायचे असते, म्हणून ईझ-इन लांब हवा. थांबताना मात्र पट्ट्यांची पकड घट्ट असते, म्हणून ईझ-आउट त्यामानाने आखूड. ब्रेक लागला की रणगाड्याचे धूड नाकाकडे झुकते आणि मग मागे येऊन स्थिरावते. हे दाखवण्यासाठी ‘बॅक’ नावाचा वक्र वापरता येतो. तो ठरलेल्या जागेच्या थोडा पुढे जाऊन परत येतो. त्याच्या सूत्रात १.७०१५८ असा एक गूढ वाटणारा आकडा असतो आणि त्यामुळे वस्तू एकूण अंतराच्या १० टक्के पुढे जाते. गूढ त्यात एवढेच. पण हा वक्र रणगाड्याच्या जागेला लावला तर तो पुढे जाऊन मागे घसरतो, आणि कित्येक टनांचे यंत्र रबराचे होऊन बसते. तोच वक्र त्याच्या झुकण्याच्या कोनाला, दोन-तीन अंशांपुरता लावला, तर पाहणाऱ्याला वजन जाणवते. वक्र तोच आणि वस्तूही तीच. गुणधर्म बदलला आणि खोटे विधान खरे झाले. ईझिंगला सजावट म्हणणाऱ्यांना या उदाहरणाचे उत्तर द्यावे लागेल, कारण सजावट इकडची तिकडे लावल्याने खोटी ठरत नाही.

यामागचा इतिहास मोठा आहे, इथे धावताच पाहू. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चौकट टिपत चित्रित केली होती. त्यात मधल्या अवस्था निसर्गानेच पुरवल्या होत्या, वेळ दाटून बसवण्याचे काम फाळक्यांचे होते. डिस्नेच्या स्टुडिओत मुख्य चित्रकार महत्त्वाच्या मुद्रा काढत आणि मधली चित्रे कनिष्ठ सहकारी भरत. मधली चित्रे टोकांना दाट आणि मध्यभागी विरळ ठेवली की हालचालीला जीव येतो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ च्या ग्रंथात मांडलेल्या बारा तत्त्वांत त्याला स्थान आहे. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत नेस्टर बर्टनिक आणि मार्सेली वाइन यांनी १९७० च्या आसपास मधली चित्रे भरण्याचे काम संगणकाकडे सोपवले. पुढे रॉबर्ट पेनर यांनी फ्लॅश हे अ‍ॅनिमेशनचे साधन वापरणाऱ्यांसाठी या वक्रांची सूत्रे लिहून खुली केली. २००२ च्या त्यांच्या पुस्तकातून ती सर्वत्र पसरली आणि आज कोणतेही इंजिन उघडा, साइन, क्वाड, क्यूबिक, बॅक, बाउन्स ही यादी थोड्याफार फरकाने तीच दिसते.

वेळेच्या वाटपातून माणूस खरोखरच वस्तूविषयी निष्कर्ष काढतो का, की ही केवळ चित्रकारांची समजूत आहे? बेल्जियमचे मानसशास्त्रज्ञ अल्बेर मिशोत यांनी १९४६ च्या ग्रंथात यावरचे प्रयोग मांडले. एक चौकोन सरकत येऊन दुसऱ्याला टेकतो आणि दुसरा लगेच निघतो. पाहणारे म्हणतात, पहिल्याने दुसऱ्याला ढकलले. टेकणे आणि निघणे यांत सेकंदाच्या पाचव्या भागाएवढी फट पडली, की ढकलल्याची जाणीव जवळपास नाहीशी होते आणि दुसरा चौकोन आपणहून निघाल्यासारखा वाटतो. चौकोन तेच आणि त्यांनी कापलेले अंतरही तेच. बदलला तो फक्त वेळ, आणि त्याबरोबर कारणच बदलले. पिक्सारच्या १९८६ च्या ‘लक्सो ज्युनियर’ या छोट्या चित्रपटात दोन टेबललॅम्प आहेत. त्यांना डोळे नाहीत, तोंड नाही, तरी मोठा कोण आणि अवखळ पोर कोण हे प्रेक्षकाला क्षणात कळते. आकाराइतकाच त्यात हालचालीच्या वेळेचा वाटा आहे. त्याचे दिग्दर्शक जॉन लॅसेटर यांनी पुढच्याच वर्षी, संगणकीय चित्रणाला जुनी तत्त्वे कशी लागू होतात यावर निबंध लिहिला. वस्तूचे वजन आणि स्वभाव वेळेतून उमटतो, हे त्यात ठासून सांगितले आहे.

आपल्याकडे हे जाणण्यासाठी पिक्सारपर्यंत जाण्याची गरज नव्हती. अहिल्यानगर जिल्ह्यातच नेवाशाला शके १२१२ मध्ये सांगितल्या गेलेल्या ज्ञानेश्वरीत सूत्राने चालणाऱ्या बाहुलीचा दृष्टान्त आहे. चालते ती बाहुली, पण चाल असते सूत्र हलवणाऱ्याची. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकर कलावंतांनी कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्यांचे खेळ टिकवले. त्यांतले परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. लाकडाच्या बाहुलीचा चेहरा खेळभर बदलत नाही. तिचा राग, थकवा, संकोच हे सारे दोरी ओढणाऱ्या बोटांच्या लयीत असते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये आणलेल्या ‘राजी’ या गेममध्ये कथेचे काही भाग छायाबाहुल्यांच्या धाटणीने मांडले आहेत. इंजिन अनरिअल आहे, पण अशा सपाट आकृतीला जिवंत करायचे तर आधार तोच जुना: चेहरा हलत नाही, म्हणून वेळेनेच बोलायचे.

ईझिंगचा सर्वांत भक्कम पुरावा मला मात्र मनोरंजनाच्या बाहेर, रेल्वेत दिसतो. सरळ रूळ थेट वर्तुळाकार वळणाला जोडला तर डोळ्यांना जोड बेमालूम दिसतो, दिशाही जुळते. पण गाडीला तो जाणवतो, कारण सरळ रुळावर शून्य असलेले बाजूचे बल वळणाच्या पहिल्याच बिंदूवर पूर्ण लागू होते. डबा हिसका खातो, उतारू कलंडतात आणि रुळांची झीज होते. म्हणून सरळ आणि वळण यांच्यामध्ये एक संक्रमण-वक्र घालतात, ज्यात वाक हळूहळू वाढत जातो. भारतीय रेल्वे यासाठी क्यूबिक पॅराबोला वापरते. रँकिन यांच्या १८६२ च्या स्थापत्य अभियांत्रिकीच्या ग्रंथात अशा अनेक वक्रांची नोंद आहे. १८२८-२९ च्या सुमारास विल्यम ग्रॅव्हॅट यांनी सुचवलेला साइनचा वक्रही त्यांत आहे. आज गेम इंजिनच्या यादीत पहिल्या काही नावांत दिसणारे ‘साइन’ पडद्यांचा जन्म होण्यापूर्वीच रुळांसाठी सुचवले गेले होते. आणि रूळ आखणाऱ्यांना आलेली अडचण गेम बनवणाऱ्यांनाही जशीच्या तशी आली. सरलेल्या वेळेचा वर्ग तिप्पट करून त्यातून घनाची दुप्पट वजा करण्याचे एक लाडके सूत्र आहे, स्मूदस्टेप. त्यात वेग शून्यापासून सुरू होतो आणि शून्यावर संपतो, पण त्वरण पहिल्याच क्षणी एकदम लागू होते. ही सरळ रूळ थेट वळणाला जोडण्यासारखीच चूक. केन पर्लिन यांनी २००२ मध्ये स्वतः आधी वापरलेल्या याच सूत्राच्या जागी पाचव्या घाताचे सूत्र सुचवले, त्यात टोकांना त्वरणही शून्य होते. गेममधली आगगाडी निघताना हेच सूत्र वापरावे. रणगाड्याला मी ते लावणार नाही. तो निघताना हिसका देतोच, आणि तो हिसका पुसून टाकणे हे पुन्हा खोटे बोलणेच झाले.

यावर जाणकार विचारतील, आजच्या इंजिनमध्ये वस्तुमान, घर्षण, गुरुत्वाकर्षण यांचे थेट गणित करणारी यंत्रणा असताना हाताने वक्र निवडायचे कशाला? रणगाड्याला ३९ टन वस्तुमान द्यावे आणि बाजूला व्हावे. आक्षेप वजनदार आहे आणि रणगाड्यापुरता तो बराचसा मान्यही करायला हवा. पण भौतिकीच्या गणितात वस्तू नेमकी कुठे आणि केव्हा थांबेल याची हमी नसते. गेममधला दरवाजा संवाद संपण्याच्या क्षणी बंद झाला पाहिजे, कॅमेरा ठरलेल्या वेळेत पात्राच्या चेहऱ्यावर पोचला पाहिजे. ट्वीन ही हमी देतो. शिवाय पडद्यावरच्या निम्म्या वस्तूंना वस्तुमान नसतेच. गुणांची पाटी, खाली उतरणारी यादी, वाढत जाणारी सावली यांचे वजन किती किलो? त्यांना भौतिकी नाही, पण पाहणाऱ्याची समज तर आहेच, आणि मिशोतच्या चौकोनांप्रमाणे तीही वेळेवरून निष्कर्ष काढणारच.

दुसरा आक्षेप खेळणाऱ्यांचा: बटण दाबले की गोष्ट घडली पाहिजे, हे नखरे वेळ खातात. तक्रार रास्त आहे, पण तिचे मूळ बहुतेक वेळा चुकीच्या वक्रात असते. सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर मिळाले तर माणसाला ते तात्काळ वाटते, ही मर्यादा संगणक-रचनेत जुनी आणि मान्य आहे. बटणाला ईझ-इन लावला तर ही मुदत जवळजवळ काहीच न हलता संपते. वर्गाचा ईझ-आउट लावला तर पहिल्याच क्षणी वेग सरासरीच्या दुप्पट असतो. उत्तर लगेच मिळते आणि रेंगाळणे शेवटाला, म्हणजे खेळणाऱ्याचे लक्ष पुढे गेल्यावर, होते. दोन्हींना लागणारा एकूण वेळ सारखाच.

इथे एका लोकप्रिय पळवाटेविषयी बोलायलाच हवे. ट्वीन न वापरता अनेक जण दर चौकटीला ‘उरलेल्या अंतराच्या १० टक्के सरक’ असे लिहितात. एका ओळीत सुंदर ईझ-आउट मिळतो. पण सेकंदाला ६० चौकटी रंगवणाऱ्या फोनवर एका सेकंदानंतर ०.२ टक्क्यांहून कमी अंतर उरते, आणि ३० चौकटींवर अडखळणाऱ्या फोनवर ४ टक्क्यांहून जास्त. म्हणजे पुण्यातल्या महागड्या फोनवरचा चपळ रणगाडा पारनेरच्या एखाद्या जुन्या फोनवर सुस्त होतो. चौकटी न मोजता सरलेला वेळ मोजणारा ट्वीन दोन्हीकडे अर्ध्या सेकंदातच पोचतो. स्वस्त फोनवर मधल्या चौकटी कमी दिसतील, इतकेच. ज्यांचे खेळणारे बहुतांशी स्वस्त फोनवर आहेत त्यांनी ही पळवाट सोडून द्यावी.

तिसरा आक्षेप मला अर्धा मान्य आहे: आजकाल सगळेच उसळते, डुलते, लवचिक होऊन येते. अति झाले आहे यात वाद नाही. त्याची शारीरिक किंमतही असते. २०१३ मध्ये आयफोनच्या सातव्या प्रणालीतल्या झेपावणाऱ्या हालचालींनी काहींना गरगरू लागले आणि अ‍ॅपलला हालचाल कमी करण्याची सोय वाढवावी लागली. अशी सोय प्रत्येक गेममध्ये असावी. पण या अतिरेकाचे कारण मला वेगळे दिसते. बहुतेक हालचालींत कोणी निवड केलेलीच नसते. युनिटी इंजिनसोबत सर्रास वापरल्या जाणाऱ्या डॉट्वीन या साधनात काही सांगितले नाही तर वर्गाचा ईझ-आउट लागतो, गोडो इंजिनचा ट्वीन काही सांगितले नाही तर सरळ रेषेत चालतो. पहिल्यात रणगाडा उभ्या जागेवरून थेट दुप्पट वेगाने सुटतो, दुसऱ्यात डब्यासारखा घरंगळतो. साधनांचा यात दोष नाही. त्या वस्तूविषयी काय म्हणायचे आहे हे साधनाला कसे कळणार? जो वक्राकडे सजावट म्हणून पाहतो तो दिसायला मोहक असलेला एक निवडून सगळीकडे लावतो. जो विधान म्हणून पाहतो त्याला प्रत्येक वस्तूपाशी थांबावे लागते आणि पुष्कळदा ‘इथे काहीच हलायला नको’ असाही निर्णय घ्यावा लागतो.

लोणी, संगमनेर, कोपरगाव इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणक शिकणाऱ्यांना याची परीक्षा घेणे अवघड नाही. गोडो फुकट आहे, त्याचा स्रोतही खुला आहे आणि साध्या संगणकावर चालतो. दोन अगदी सारखे करडे चौकोन घ्या, दोघांनाही तेवढेच अंतर तेवढ्याच वेळात चालवा, पण वक्र वेगळे ठेवा. मग संगणकाशी संबंध नसलेल्या कोणालाही बोलावून एवढेच विचारा, यांतला जड कोणता. वक्रांची नावे सांगू नका. उत्तर देणाऱ्याला ते द्यायला किती कमी वेळ लागतो तेही पाहा. आणि तुमचा रणगाडा बनवण्याआधी एकदा नगरच्या संग्रहालयात जाऊन या.